मावशींची कवळी

शाळेच्या शिपाई मावशी जेवणाच्या सुट्टीनंतर नळापाशी उभ्या राहिल्या की मुख्याध्यापकसुद्धा निमूट चूळ भरून जात. खिळ्यांना टांगलेले पोरांचे ब्रश आणि त्यावर मावशींची घारीची नजर! "नुसता ओला करून ठेवलास ना, लबाडा? ये इकडे!" अशी तोफ रोज धडधडायची. स्वतः हसताना मात्र बाई तोंडावर हात धरायच्या.

दुसरीतली एक मुलगी तेवढी रोज त्यांच्या हातावर तुरी द्यायची. खाली मुंडी, पाताळ धुंडी! ब्रश फिरवायची, पण पुढच्या चार दातांवरच. तपासणीला आलेल्या दातांच्या डॉक्टरांनी तिच्या सुजलेल्या हिरड्या पाहिल्या आणि मावशींना बजावलं, "मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण सगळीकडे घासून घ्या. आठ-दहा दिवसांत रक्त थांबायला लागेल. नाही थांबलं तर माझ्याकडे आणा."

मुलगी ऐकेना. "तिथून रक्त येतं, मावशी. जखमेला कुणी घासतं का?"

मावशी चपापल्या. तिच्याएवढ्या असताना त्यांनीही हेच केलं होतं. रक्त आलं की ती जागा सोडायची. सोडता सोडता सगळं तोंडच हातचं गेलं. चाळिशीत एकही दात उरला नाही. हे घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. शाळेत कळलं तर पोरं 'बोळकं, बोळकं' म्हणून जीव खातील, मग त्यांना भिणार कोण?

पोरं वर्गात गेल्यावर त्यांनी मुलीला पायरीवर बसवलं. इकडेतिकडे पाहिलं आणि कवळी काढून तळहातावर ठेवली. गाल एकदम आत गेले.

"मीपण रक्ताची जागा सोडायचे, बाळा," त्या म्हणाल्या. शब्दांतून नुसता वारा सुटत होता.

मुलगी हसली नाही. तिने त्यांच्या गालावर हात ठेवला. "खूप दुखलं?"

"खूप गं."

दुसऱ्या दिवसापासून मावशी तिचं मनगट धरून मागच्या दातांपर्यंत ब्रश नेऊ लागल्या. रोज गुलाबी फेस यायचा आणि रोज मावशींचाच जीव खालीवर व्हायचा. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मुलगी थुंकली आणि ओरडली, "मावशी, पांढरं!"

सगळी रांग बघायला लागली. मुलगी मावशींना खाली ओढून कानात कुजबुजली, "तू तुझे घासलेस?"

जन्मभर दुसऱ्यांची तोंडं तपासणाऱ्या बाईला हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"घासले गं, बाई माझी!" म्हणत मावशी हसल्या, आणि हात तोंडावर न्यायचा राहूनच गेला.