तिसरी पायरी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण नारायण पेठेतल्या एका बुकबाइंडरला मी चौकशीसाठी बसवून ठेवलं, तो दिवस मात्र लख्ख आठवतो. त्या दिवशी चूक माझी होती, हे त्याचं कारण.

तेव्हा मी पेठांमधल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. ठाण्याची जुनी रजिस्टरं शिवायला त्या बाइंडरकडेच जायची. तो स्वतः सायकलवरून आणून द्यायचा. नव्या पुठ्ठ्याला खळीचा वास असायचा आणि ठाणे अंमलदार डायरी उघडण्याआधी ती हुंगून बघायचे. त्या वासाची आजही आठवण येते. संगणक आले, वास गेला.

या बाइंडरला पत्त्यांचं वेड होतं. दुकानातलं कटिंग मशीनही त्याने त्यात घालवलं, तेव्हा त्याच्या बायकोनेच त्याला ठाण्यात आणून माझ्यासमोर उभं केलं. "यांना चांगला दम द्या, साहेब. पुन्हा पत्त्याला हात लावला, तर मी लोणी काळभोरला माहेरी जाईन आणि परत येणार नाही," असं ती शांतपणे म्हणाली. मी दम दिला. कुठे खेळतो ते त्याने सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. पण त्याने खेळ सोडला. जुगार सोडू पाहणाऱ्या लोकांच्या रविवारच्या बैठकीला जाऊ लागला. दोन वर्षं उलटली आणि माझ्या लेखी ते प्रकरण मिटलं.

मग एके दिवशी खबऱ्याने बातमी आणली. शनिवार पेठेतल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, वधू-वर सूचक मंडळाच्या पाटीआड पत्त्यांचा अड्डा चालतो. आम्ही दोन वेळा छापा घातला. दोन्ही वेळा वर पोचेपर्यंत सात-आठ प्रौढ गृहस्थ टेबलाभोवती बसून मुलींच्या पत्रिका चाळत होते. त्यातल्या एकाने मला विचारलं, "साहेब, आपल्या घरी कोणी लग्नाचं आहे का?" आम्ही हात हलवत खाली आलो.

अशा वेळी आमची एक ठरलेली पद्धत असते. ओळखीचा माणूस बनावट गिऱ्हाईक म्हणून आधी आत पाठवायचा. तो खेळायला बसला की खिडकीतून खूण करतो आणि आम्ही पंचांसह वर जातो. मला लगेच बाइंडर आठवला. बोलावून घेतलं, काम सांगितलं. त्याने मान खाली घातली.

"साहेब, एवढं सोडून काहीही सांगा."

"अहो, अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको साहेब."

कारण विचारलं, तर बोलेना. इथे माझ्यातला पोलीस जागा झाला. दोन्ही छाप्यांच्या दिवशी हा गृहस्थ रजिस्टरं द्यायला ठाण्यात आला होता. खबऱ्यानेही सांगितलं, की रोज दुपारी तीनला हा दुकानातून निघतो आणि पाऊण तास बेपत्ता असतो. मी दोनात दोन मिळवले. अड्ड्याला टीप देणारा हाच, असं मनाशी पक्कं केलं आणि 'अहो'वरून 'अरे'वर आलो.

"तीन वाजता कुठे जातोस?"

"छापखान्यात. कागद आणायला."

"छापखाना तुझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर आहे. पाऊण तास काय करतोस?"

चार तास मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. आवाज चढवला. त्याच्या कपाळावर घाम होता, पण तोंड उघडलं नाही. मला तो निर्ढावलेला वाटला.

शेवटी त्याची बायको आली. हाताला खळ तशीच लागलेली.

"मी सांगते कुठे जातात ते," ती म्हणाली. "छापखान्याच्या वाटेवरच्या बोळात तुमची ती इमारत लागते. हे पूर्वी तिथेच खेळायचे. तो बोळ नको म्हणून हे नदीपात्राच्या रस्त्याने वळसा घालून जातात आणि तसेच येतात. रोज. उन्हातान्हात. घरच्या कर्त्या माणसाला बोळाची भीती वाटते, हे चारचौघांत सांगायची यांना लाज वाटते. आणि तुम्ही यांना वर जाऊन बसायला सांगताय? दारू सोडलेल्याला गुत्त्यावर पाठवायची पद्धत आहे का आपल्याकडे?"

ठाणे अंमलदारांनी डायरीत डोकं घातलं. मला फार शरम वाटली.

तेव्हा बाइंडर पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "साहेब, मी आत गेलो, तर तुमचा माणूस म्हणून जाईन, पण बाहेर त्यांचाच होऊन येईन. मला माझी खात्री नाही. पण तुम्हाला एक सांगतो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय देऊ नका. फळीखाली घंटीचं बटण आहे. नेहमीचे लोक ती पायरी ओलांडून जातात. नवखा पाय पडला, की वर घंटी वाजते, पत्ते जातात आणि पत्रिका येतात."

बायकोने त्याचे हात आपल्या हातात धरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एकेक करून तिसरी पायरी ओलांडली. वर सगळे डाव मांडून बसले होते. जागेवर पंचनामा झाला आणि वरिष्ठांची शाबासकी मला मिळाली. बाइंडरचं नाव मी कुठेही येऊ दिलं नाही. मग त्याच्या दुकानात जाऊन हात जोडले. "चहा घ्या," एवढंच तो म्हणाला.

आम्ही पोलीस माणसाला एकदा 'सुधारला' म्हणतो आणि फाइल बांधून टाकतो. या माणसाला ती रोज दुपारी तीनला नव्याने बांधावी लागत होती, आणि मी त्यालाच संशयित धरलं. त्यानंतर 'मला जमणार नाही' म्हणणाऱ्या माणसाला मी लबाड समजलो नाही.

परवा तो लक्ष्मी रोडला भेटला. केस पांढरे, खिशात साधा बटणांचा फोन. आता सगळा जुगार मोबाइलमध्ये आलाय म्हणून मोठा फोन घेतलाच नाही, म्हणाला. आम्ही त्याच्या दुकानाकडे निघालो. बायको तिथे वाट बघत होती, म्हणून मी म्हटलं, "चला, बोळातून जाऊ. दोन मिनिटांत पोचू."

"तुम्ही व्हा पुढे, साहेब. मी वळसा घालून येतो."

"अहो, ती इमारत पाडली केव्हाच. आता तिथे केकचं दुकान आहे."

"माहीत आहे," तो हसला. "पण पायाला अजून तिसरी पायरी आठवते."

मग मीही त्याच्याबरोबर नदीच्या रस्त्याला वळलो. पाऊण तास लागला.