वच्छलाचं 'वास फ्यूर'

ब्याऐंशी साली चांद्याकडं एका सिमेंट कारखान्याची उभारणी चालू होती, तेव्हा वच्छला तिथं रेती वाहायची. यंत्रं बसवायला आलेला जर्मन फिटर दिवसभर 'वास फ्यूर' करायचा. मोहाचं फूल उचललं की 'वास फ्यूर?', म्हणजे हे कसलं? वच्छलाच्या डब्यातली अंबाडीची भाजी तोंडात गेली की 'वास फ्यूर!', म्हणजे कसली भाजी आहे ही, वा! आपलं 'कसलं' तरी वेगळं काय करतं? मग वच्छलाचंही उन्हाला 'वास फ्यूर' आणि ठेकेदाराच्या फटफटीलाही.

"आली जर्मनवाली," मुकादम देवराव खिजवायचा. पाण्याच्या वेळी तर त्याचा रुबाब औरच. माठ एकच, पण वच्छलाच्या बौद्ध वस्तीतल्या बायांनी त्याला शिवायचं नाही. देवरावनं लोटा उंच धरून वरून ओतायचं, त्यांनी ओंजळीनं प्यायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्यानं लोटा उचलला. वच्छलानं ओंजळ पुढं केलीच नाही.

"देवरावभाऊ, वास फ्यूर पानी?"

"थंडगार हाय, पी ना!"

"मी विचारून नाई राह्यली, भाऊ. थुकून राह्यली तुमच्या या रीतीवर."

तिनं त्याच्या हातातला लोटा काढून घेतला, कोपरापर्यंत हात माठात घालून भरला, तोंड लावून प्यायली आणि मागच्या बायांना दिला. सगळ्या पिऊन झाल्यावर तोच लोटा पुन्हा भरून तिनं देवरावपुढं धरला.

"घ्या, भाऊ. इथी दुसरं पानी नाई."