ज्युरी रूममधली शिंक

स्पष्टच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली बाई. पुरावा नसेल तर बगसुद्धा मानत नाही. तरी हे लिहितेय... वाचा आणि तुम्हीच काय ते सांगा.

अमेरिकेची सिटिझन झाल्यावर पहिल्यांदाच ज्युरी ड्यूटी आली, म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला साध्या नागरिकांना बोलावतात ती. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या घरापासून कोर्ट जवळच. आरोपी विशीतला पोरगा. सायकलवाल्याला धडक देऊन पळाला म्हणे. त्याची गाडीही धडक देणाऱ्या गाडीसारखीच, आणि त्या रस्त्यावर राहणाऱ्या एक बाई ठाम होत्या — "किचनच्या खिडकीतून मी याचा चेहरा पाहिला." पोराची आई रोज मागच्या बाकावर बसायची. तिच्याकडे बघवायचं नाही, खरंच.

ज्युरी रूममध्ये सगळे 'गिल्टी'वर आले. शुक्रवारची दुपार, घरी जायची घाई — मलाही! आमच्या प्रमुख, एक रिटायर्ड टीचर, म्हणाल्या, "चला, हात वर करा." मी हात उचलतेय तोच... अगदी कानामागे शिंक! चांगली सणसणीत.

आमच्याकडे काही करायला निघालं आणि कुणी शिंकलं, की जरा बसायचं, पाणी प्यायचं, मगच पुढे. सासूबाईंच्या या नियमाला मी कायम हसते. पण तोंडातून निघूनच गेलं, "वन मिनिट! मी पाणी पिते."

"नाऊ?" शेजारचा माणूस वैतागला.

"सॉरी, कुणीतरी शिंकलं ना!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीच शिंकलं नव्हतं. आणि खरंच की — या देशात कुणी शिंकलं आणि 'ब्लेस यू' ऐकू आलं नाही, असं होतं का कधी? मागे वळून पाहिलं तर नुसती भिंत. सर्रकन काटा आला अंगावर.

पाणी प्यायला लागले. समोर पुराव्याचे फोटो पसरले होते. त्यातला एक पोलिसांनी त्याच किचनच्या खिडकीतून काढलेला. बाहेर उंच लाकडी कुंपण आणि त्यावरून रस्त्यावरच्या गाड्यांचे फक्त टप दिसत होते.

"अहो, मग चेहरा कसा दिसेल?" मी चक्क मराठीत ओरडले! मग इंग्लिशमध्ये सांगितलं. फोटो सगळ्यांच्या हातातून फिरला. टीचरबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "ओह माय गॉड."

कोर्टात 'नॉट गिल्टी' वाचलं तेव्हा ती माउली पोराला मिठी मारून हमसून हमसून रडली. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

नवरा म्हणतो, "अगं, एसीचा आवाज असेल." असेल बाबा. मला अजूनही काही उलगडलेलं नाही. पण माझा हात अर्धा वर गेला होता हो... अर्धाच गेला, एवढं मला पुरे.