कलेजीवरचा नारळाचा रस

सातवीनंतर शाळा सुटली. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, तेव्हा बीडकडचं गाव सोडून मी मुंबईत मरोळला आले. कारखान्यांच्या मागे मालवणच्या एका काकींची खाणावळ होती. आठ दिवस काम बघते, मग ठेवायचं की नाही ते सांगते, म्हणाल्या. त्यांनी नाही म्हटलं असतं तर गावी मला ठेवून घेणारं कुणी उरलं नव्हतं.

सहाव्या दिवशी बुधवार, कलेजीचा वार. काकी दात दाखवायला अंधेरीला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "कलेजी तव्यार भाज. वर नारळाचो रस, त्यात वायंच आगळ. झाला."

आगळ म्हणजे कोकमाचा आंबट रस. मी तो कधी वापरलाच नव्हता. आमच्याकडे रस्सा रटरटा उकळायचा, नाहीतर कच्चा लागतो. मी नारळाच्या दुधात आगळ ओतलं आणि स्टोव्ह मोठा केला. दूध फुटलं. वर तेलकट पाणी, खाली गोळे. ढवळलं तर आणखीच वाट लागली. दुसरा नारळ घरात नव्हता, जेवणाची सुट्टी व्हायला जेमतेम वीस मिनिटं.

डब्यात शेंगदाणे होते. ते भाजले, लसूण आणि सुक्या मिरच्यांबरोबर पाट्यावर वाटले, तव्याला लागलेली कलेजी खरवडून त्यात घातलं, गरम पाणी ओतलं. तेच कलेजीवर घालून ताटं वाढली.

"ताई, नारळाचा रस कुठाय?" पहिल्याच माणसाने विचारलं.

"शेंगदाणे? कलेजीला आज उपास काय रे?" शेजारचा म्हणाला.

"गप खा. घरी हेपण मिळत नाही तुला," तिसरा म्हणाला.

मी दाराआडून ताटांकडे बघत होते. एकाने कलेजी तशीच टाकली. दोघांनी पुन्हा मागितली.

काकी आल्या, गाल सुजलेला. मी फुटलेल्या दुधाचं पातेलं लपवलं नव्हतं. पुढे केलं, म्हटलं, "माझ्याकडून झालं."

त्यांनी शेंगदाण्याचं वाटण बोटाने चाखलं. "तिखट केलंस गो," एवढंच. मग मला नारळ आणायला पाठवलं. आल्यावर स्वतः दूध काढलं, बारीक आचेवर ठेवलं. "उकळी येवक देव नको. वाफ दिसली? खाली उतरय. आता आगळ." रस गुलाबीसर झाला, फुटला नाही.

ठेवताय का, हे विचारायचं धाडस झालं नाही. काकींनी नारळाची उरलेली वाटी आणि खोवणी माझ्याकडे सरकवली.

"आता तू कर. येत्या बुधवारी मी बघूक येवचंय नाय."