तसराळ्यातलं पाणी

वहिनी गेल्या महिन्यात गेली. तिला मी एक खोटं सांगितलं होतं. ते खोटं आहे हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, म्हणून लिहितो आहे.

बहात्तरच्या दुष्काळात थोरला भाऊ सरकारी कामावर खडी फोडायला जात होता. तिथे त्याला जुलाब-उलट्या लागल्या, अंगातलं पाणी गेलं आणि लघवी बंद झाली. मी तेव्हा नगरला हायस्कुलात मास्तर होतो. बैलगाडीतून आणि मग एसटीने त्याला शहरातल्या एका दवाखान्यात आणलं. मूत्रपिंडं झोपली आहेत, आठ-दहा दिवसांत जागी होतील, तोवर रक्त साफ ठेवायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. बेंबीखाली भोक पाडून त्यांनी पोटात नळी बसवली. नळीतून औषधी पाण्याची बाटली आत सोडायची, थोडा वेळ ठेवायची, मग खालच्या बाटलीत काढून घ्यायची. असं दिवसभर.

आतड्यांवर कांद्याच्या पाकळीला असतो तसा पातळ पापुद्रा असतो, रक्तातलं विष त्यातूनच गाळून पाण्यात येतं, असं त्यांनी मला समजावलं. सगळी भिस्त त्या पापुद्र्यावर होती. त्याला जंतू लागले की तो सुजणार आणि गाळणं थांबणार.

पहिली बाटली आत जाताना दादा वहिनीला म्हणाला, "इहिरीत थेंब न्हाई, आन माझ्या पोटात बघ, बाटल्यांवर बाटल्या."

पुऱ्या वॉर्डाला एकच सिस्टर होती. मी शिकलेला दिसलो म्हणून बाटली बदलायचं तिने मला शिकवलं. "शाळेत पोरांची नखं तपासता ना मास्तर? आता तुमची दाखवा," असं म्हणून तिने माझी नखं कापायला लावली. दर वेळी साबणाने, कोपरापर्यंत, वाहत्या नळाखाली हात धुवायचे हे तिने दोनदा सांगितलं. इथे टाकी भरलेली असते, पाण्याची काळजी करू नका, हेही सांगितलं.

पण आमच्या गावात टँकर दिवसाआड येत होता. अंघोळीचं पाणी परातीत धरून आई त्यात धुणं धूत असे, आणि उरलेलं म्हशीला. नळाची धार मोरीत जाताना बघून मला कसंतरी व्हायचं. पहिल्या दिवशी मी नळाखाली तसराळं ठेवलं आणि हात धुतलेलं पाणी धरलं. पुढच्या बाटलीला त्यातच हात बुडवले. साबणाचं पाणी आहे, तेव्हा स्वच्छच असणार, असा माझा हिशोब. दोन दिवस मी तसंच केलं. सिस्टर समोर असली की मात्र नळ सोडायचो.

वहिनीने पाहिलं होतं. "भाऊजी, ते पानी वतून द्या की. गढूळ झालंय," ती म्हणाली.

तुम्हाला यातलं कळत नाही, असं मी तिला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दादाचं पोट हात लावू देईना. बाहेर आलेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी बाटली खिडकीशी धरली आणि बाटल्या कोण बदलतं ते विचारलं. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं.

"मी दर वेळी नळाखाली हात धुतले," मी म्हणालो. "सिस्टर कधी कधी घाईत असायच्या."

त्याच दुपारी तिला वॉर्डातून काढलं. दोन दिवसांनी दादा गेला.

तेराव्यानंतर वहिनी माझ्यापुढे येऊन बसली. ती रडली नाही. "तुमी मुद्दाम केलं न्हाई, ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "पन त्या बाईवर ढकललं. जाऊन सांगा तिला."

मी गेलो. सिस्टर आता दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत जखमा बांधत होती. तिने मला ओळखलं, बाकावर बसवलं, वहिनीची चौकशी केली. मग हातातली पट्टी गुंडाळत हळूच म्हणाली, "कोणत्या बाटलीला मी घाई केली, ते मी अजून आठवून बघते, मास्तर."

तिथेच सांगायचं होतं. तुमची चूक नव्हती, एवढंच मी पुटपुटलो. मग कुणाची, हे तिने विचारलं नाही. तिला वाटलं, मी धीर देतो आहे. तिने माझे आभार मानले.

घरी आलो तेव्हा वहिनी चुलीपाशी होती.

"सांगितलं?"

"हो."

"बरं केलं." तिने तांब्या उचलला आणि जेवणाआधी माझ्या हातांवर पाणी घालू लागली. त्या दिवसांत आम्ही घोटभर पाण्यात हात धुवायचो. तिने अर्धा तांब्या रिकामा केला. पुरे, असं मला म्हणवलं नाही. मी हात पुढे धरून ठेवले.