मागच्या दाराची चौकट

मिखाएल दिवेकर रोज रामल्याहून सकाळच्या गाडीने तेल अवीवला यायचा आणि ऑपेरा हाउसच्या मागच्या दारातून शिरताना चौकटीच्या उजव्या बाजूला बोटं लावून ओठांना टेकवायचा. मुंबईत नाटकाचे पडदे ओढण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. इथेही दोरखंडच हाती आले. त्या चौकटीवर रंगाचे थर होते आणि त्यांच्याखाली बोटभर लांबीचा उंचवटा. पहिल्याच दिवशी त्याच्या बोटांनी ओळखलं, ही मेझुझा. देवाचं वचन लिहिलेली गुंडाळी जपणारी ही डबी ज्यूंच्या दारादारावर असते. कुणा बेपर्वा रंगाऱ्याने तिच्यावरूनच ब्रश फिरवला होता. सगळ्यांना हे ठाऊकच असेल, असं मिखाएल धरून चालला. तिथेच चुकला तो.

त्रेसष्ट सालातल्या एका मंगळवारी पडद्यामागची दुनिया बघायला वीसेक पाहुणे आले. त्यांत मिखाएलची मुलगी लीया होती आणि पेताह तिक्वाची झेहावा, लीयाची होणारी सासू. होणारी म्हणायचं ते नावालाच. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, खरे ज्यू की नाहीत, अशी शंका काढून लग्न लावणाऱ्या रब्बीने लीयाच्या चार पिढ्यांचे कागद मागितले होते. कागद येईपर्यंत तारीख धरायची नाही, असं झेहावाने कळवून टाकलं होतं. दिवेआगरात घाण्यावर तेल गाळणाऱ्या खापरपणजीचा कागद आणायचा तरी कुठून? ती शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायची, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. पण गावाचा शब्द इथे कोण विचारतो.

माहिती सांगणारा यित्झाक मोठा बोलघेवडा. त्याने नटांचे केसांचे टोप दाखवले, वरून सोडायचे रंगवलेले पडदे दाखवले, ढगांचा गडगडाट करणारा पत्रा हलवून बायकांना दचकवलं. तेवढ्यात मिखाएल चहा पिऊन परतला आणि सवयीने त्याने चौकटीला हात लावला.

“हा आमचा हिंदुस्थानी,” यित्झाक म्हणाला. “रोज दाराची पूजा करतो. त्यांच्याकडे दगडधोंडेसुद्धा देव असतात.”

पाहुणे हसले. झेहावा हसली नाही, पण तिने वळून लीयाकडे पाहिलं. त्या नजरेने मिखाएलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दोर कापायचा चाकू काढला आणि चौकट खरवडायला घेतली.

“दाय, आबा,” लीया हिब्रूत म्हणाली. पुरे, बाबा.

“तू गप ऱ्हा गो. बघू दे त्यांना.”

रंगाचे पोपडे खाली पडत गेले. पितळ दिसलं, मग त्यावरचं देवाच्या नावातलं शिन हे हिब्रू अक्षर. कुणी हसेना. पवित्र वस्तूपुढे डोकं झाकावं तसा यित्झाकचा हात आपसूक बोडक्या डोक्यावर गेला.

“किती वर्षं झाली तुला इथे?” मिखाएलने विचारलं.

“पाच.”

“पाच वर्षं ह्या दारातून ये-जा केलीस. तुझ्या खापरपणजीचा कागद कोणी मागितला नाही.”

झेहावा पुढे आली. तिने डबीला बोटं लावून ओठांना टेकवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “तारीख धरू या, मिखाएल. रब्बीशी मी बोलते.”

लीयाचे डोळे भरून आले. मिखाएलचा राग मात्र तसूभरही उतरला नाही.

“तारीख धरा. पोरांचं लग्न मी अडवणार नाही,” तो म्हणाला. “पण बाई, आज इथे नुसतंच लाकूड निघालं असतं, तर माझी लीया कोण ठरली असती?”

झेहावाने मान खाली घातली. मिखाएलने चाकू पुसला आणि तो पडद्याच्या दोरांकडे निघून गेला.