चौथ्या आणि पाचव्या रेकॉर्डच्या मध्ये

बाबांचा डावा कान गेलाच होता. उजवाही आता फार दिवस साथ देणार नाही, हे यवतमाळच्या कानाच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, तेव्हा बाबा माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसून भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हने?" ऑटोस्टँडवर ओरडून सांगावी अशी ती गोष्ट नव्हती. घरी येऊन मी औषधाच्या पावतीमागे लिहून दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पावती घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आयकलं तेवढं गंज झालं. फकत माह्या रेकॉर्डी एक डाव आयकायच्या होत्या."

बाबांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही. त्यामुळे ते बोलणं मी कामाच्या यादीत टाकलं.

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात बाबांची शेती होती, कापूस आणि तूर. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख भोंगेवाला अशी होती. एक अॅम्प्लिफायर, दोन भोंगे, एक बॅटरी, एक रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणि पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी. लग्नसराईत हे सगळं बैलगाडीत घालून ते गावोगाव आणि बंजाऱ्यांच्या तांड्या-तांड्यांवर जात. भोंगा झाडावर चढायचा आणि बाबा नेमके त्याच झाडाखाली मशीन मांडायचे, कारण सावली तिथेच असायची. कान कसे गेले, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बरोबर जायची. माझं काम रेकॉर्ड पुसून हातात देणं. आईच्या जुन्या मखमली ब्लाउजचा तुकडा त्यासाठी राखून ठेवलेला होता. प्रत्येक रेकॉर्डवर बाबांनी लाल ऑइलपेंटने आकडा घातला होता आणि लग्नात त्या आकड्यांच्या क्रमानेच वाजायच्या. एक नंबर गणपतीची. दोन नंबर वरात आली की. तीन नंबरची रेकॉर्ड दुसऱ्या कडव्यात अडकायची, तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा, आणि बाबा अंगठ्याने सुईचा दांडा हलकेच पुढे ढकलायचे. लोकांना ते इतकं पाठ झालं होतं की पोरं तिथे टाळ्या वाजवायची. नाचणाऱ्यांच्या धक्क्याने सुई उडू नये म्हणून दांड्यावर चार आण्याचं नाणं चिकटवलेलं होतं. त्या नाण्याच्या वजनाने रेकॉर्डी झिजतात, हे मला चाळीस वर्षांनी कळलं.

बाबा आता यवतमाळला माझ्याकडे राहतात, पण मशीन आणि पेटी माझ्या भावाकडे गावीच होती. मी फोन केला.

"ताई, कायले व्याप करून राह्यली?" तो म्हणाला. "सगळे गाने फोनवर फुकट हायेत. आयकव त्यायले."

"आयकवले. ऐकत नाहीत."

आदल्या रविवारीच मी तीन नंबरचं गाणं फोनवर शोधून, हेडफोन लावून दिलं होतं. आवाज पूर्ण मोठा केला की बाबांना हेडफोनमधून उजव्या कानाने ऐकू येतं. कानात घालायचं मशीन मात्र ते लावत नाहीत, ते कुईकुई करतं म्हणून. गाणं सुरू झालं, दुसरं कडवं आलं आणि सरळ निघून गेलं. बाबांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "हे माह्यं नोय."

"मंग?" भावाने विचारलं.

"मंग काय, पेटी आन. मशीन पण आन. आणि येताना तुरीची डाळ."

त्याने तिन्ही आणलं. मशीनवर वर्षानुवर्षांची धूळ होती आणि आत पालीची अंडी. रेकॉर्डी मात्र शाबूत. मी त्या पातळ साबणाच्या पाण्याने, मधल्या कागदाला ओल लागू न देता धुतल्या आणि भांड्यांच्या जाळीत उभ्या वाळत घातल्या. मी ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. काच, तारा, धूळ यांच्याशी माझं रोजचं आहे. आवाज कॉम्प्युटरमध्ये कसा घ्यायचा, हे मात्र मी पहिल्यांदाच वाचायला घेतलं.

आधी मी सगळ्यात स्वस्त ती वस्तू मागवली. एका टोकाला लाल-पांढरी भोकं आणि दुसरं टोक कॉम्प्युटरला. तिच्यातून गाण्यापेक्षा भुणभुण जास्त आली. मग जरा बरी डबी घेतली, ज्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात: दोन भोकं, दोन गोल बटणं, माइक की गिटार ते ठरवायचं एक दाबायचं बटण, हेडफोनला वेगळी जागा. गाणाऱ्या आणि गिटार वाजवणाऱ्या पोरांसाठी असते ती. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या किमतीत येते. मोठ्या कंपन्यांच्या महागड्या डब्या बघितल्या, पण ज्या रेकॉर्डी नाण्याखाली झिजल्या, त्यांना चांदीचं ताट कशाला?

डबी आली. मी तार पहिल्या भोकात घातली, बटण माइकवर ठेवलं. आवाज आला, पण बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी गातंय असा. इंटरनेटवरचे लोक छातीठोकपणे सांगत होते की मध्ये आणखी एक पेटी लागतेच, तिच्याशिवाय रेकॉर्डप्लेअर जोडूच नये. मी ती मागवणार होते. त्याआधी मशीन आणि डबी घेऊन शहरातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे गेले. त्याच्या दुकानात आता पंखे आणि कुलरच्या मोटारी दुरुस्त होतात. पण मशीन पाहिल्यावर त्याने हातातला पंखा खाली ठेवला.

"कोनाचं होय हे?"

"बाबांचं. भोंग्याचा धंदा होता."

"तवाच." त्याने सुईचा दांडा उलटा करून पाहिला. "मॅडम, कोन म्हनलं तुमाले पेटी लागते म्हनून? थे मॅग्नेटच्या सुईले लागते. हे क्रिस्टलचं होय. याचा आवाज मुळातच दणकट. माइकवर काहून ठेवता, गिटारचं बटन दाबा ना."

"मी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते," मी म्हणाले, का म्हणाले कुणास ठाऊक.

"असू द्या," तो म्हणाला. "होते कधी कधी."

त्याने रबरी चाक बदललं, आपल्या खोक्यातून शोधून नवी सुई बसवली, मशीनच्या पत्र्याच्या अंगापासून एक तार काढून दिली आणि ती इंटरफेसच्या धातूला लावायला सांगितली. नाणं काढू का, म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. घरी येऊन गिटारचं बटण दाबलं, तार लावली. भुणभुण गेली. बिस्किटाचा डबा गेला. आमच्या गावच्या झाडावरून यायचा तसा आवाज आला.

मे महिना होता. कुलर लावला की त्याची घरघर टेबलातून मशीनमध्ये जायची आणि मशीनमधून रेकॉर्डिंगमध्ये. म्हणून रविवारी सकाळी कुलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि मी घामाने निथळत बाबांना समोर बसवलं. हेडफोन त्यांच्या डोक्यावर, इंटरफेसच्या हेडफोनच्या जागेत जोडलेला. तीन नंबर लावली. सुई टेकली. इंटरफेसवरचा हिरवा दिवा गाण्याबरोबर नाचायला लागला.

बाबा समोर बघत होते. मी आवाज वाढवला. अजून वाढवला. पूर्ण केला. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही.

"आयकू येते काय?" मी ओठ मोठे करून विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

महिन्याभरापूर्वी फोनवरचं ऐकू आलं होतं. तेवढ्यात गेलं? मी तारा तपासल्या. दिवा नाचत होता, म्हणजे आवाज जात होता. म्हणजे दोष तारेचा नव्हता. बाबांनी हळूच माझ्या मनगटावर हात ठेवला. "राहू दे व. झालं असंन."

मला तेव्हा काय वाटलं, ते मी लिहीत नाही. मी त्यांच्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. गाणं होतं, चांगलं खणखणीत होतं. फक्त डाव्या कानात होतं. एकच तार, पहिलं भोक, आणि पहिलं भोक म्हणजे डावी बाजू. माझ्या बाबांचा डावा कान म्हणजे नुसती शोभा.

मी हेडफोन उलटा करून त्यांच्या डोक्यावर घातला.

गाणं दुसऱ्या कडव्यात पोचलं आणि अडकलं. तेच तीन शब्द. पुन्हा. पुन्हा. मी घाम पुसत होते, माझं लक्ष नव्हतं. बाबांचा अंगठा मांडीवर पुढे सरकला.

"ढकल ना!" ते ओरडले. बहिऱ्या माणसाचं ओरडणं, शेजारच्या काकू बंद खिडकीपाशी आल्या. "उशीर केला व तूनं! पोट्टे टाळ्या वाजवून थकले असतीन!"

मी ढकलला. कॉम्प्युटरमध्ये ते सगळं तसंच उतरलं, माझ्या उशिरासकट. मी काढलं नाही.

पुढचे तीन रविवार त्यात गेले. फुकटच्या प्रोग्रॅममध्ये डावीचा आवाज दोन्हीकडे करायचं बटण सापडलं. एकूण चौदा रेकॉर्डी. सगळ्या झाल्यावर मी त्या नंबराने एकामागे एक जोडल्या, मधली खरखर आणि रिकाम्या जागा कापून टाकल्या, म्हणजे बाबांना फोनला हात न लावता सलग ऐकता येईल. व्यवस्थित काम केल्याचं मला समाधान वाटलं. फाइल त्यांच्या फोनमध्ये घातली, हेडफोन दिला आणि मी कणीक मळायला गेले.

चौथं गाणं संपून पाचवं सुरू झालं असेल, बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. हेडफोन गळ्यात, त्यातून पाचव्याचा बँड बारीक वाजतोय.

"हे कोनं केलं?"

"मी. काहून?"

"नवरी रडून राह्यली अन् तूनं भोंगा चालूच ठेवला?"

मला काही कळेना. मी कणकेचे हात तसेच धरून उभी. मग त्यांनी सांगितलं, आणि ते मला या वयात पहिल्यांदा कळलं. तांड्यावरच्या लग्नात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. रडत रडत गायचं गाणं ते. आई, बाप, भाऊ, मैत्रिणी, ज्याच्या गळ्यात पडेल त्याला उद्देशून. ते सुरू झालं की बाबा भोंगा बंद करत. त्यांना कुणी तोंडाने सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एका तांड्यावर त्यांनी चालू ठेवला होता, तेव्हा तिथल्या नायकाने, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाने, येऊन मशीनवर नुसता हात ठेवला. तेव्हापासून चौथी रेकॉर्ड झाली की बंद. तिचं झालं की पाचवी, बँडची, मोठ्याने. "रडनं झालं की लोकायले हालवा लागते," बाबा म्हणाले. आमच्या गावातल्या लग्नांतही त्यांनी तोच नियम ठेवला. आमच्याकडे ढावलो नसतो, पण मुली रडतातच.

"मले कसं ठाऊक नाही हे?" मी विचारलं.

"तू कुठं राहे तिथं? भोंगा बंद झाला की तुले जेवाले धाडो ना मी."

खरंच. माझ्या लेखी चौथी रेकॉर्ड म्हणजे जेवण. भोंगा बंद झाला की तांड्यावरच्या बाया मला ओढून पंगतीत बसवायच्या आणि पत्रावळीवर लापशी वाढायच्या. मी जेवून, हात धुऊन पळत यायची, तेव्हा बाबा पाचवी हातात घेऊन तयार असायचे. मी पुसून द्यायची. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते माझ्यासाठी थांबतात.

"किती वेळ बंद ठेवू मंग?" मी विचारलं. प्रोग्रॅममध्ये आकडा घालावा लागतो.

"तिचं होईपर्यंत."

"बाबा, मिनिटं सांगा."

त्यांनी विचार केला. "तुह्यं जेवन होये तेवढा."

त्या दुपारी मी जेवायला बसताना फोनवर वेळ लावली. दोन पोळ्या, वांग्याची भाजी, वरण-भात. लहानपणी लापशी असायची, तीही घातली हिशेबात. गूळ घालून वाटीभर केली. हात धुऊन बघितलं: अकरा मिनिटं. मी तेवढी शांतता चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये घातली आणि फाइल पुन्हा त्यांच्या फोनमध्ये टाकली.

उजवा कान अजून आहे. पहिल्यापेक्षा कमी. बाबा रोज सकाळी ओसरीत बसून सगळ्या चौदा ऐकतात. चौथी संपली की हेडफोन काढत नाहीत, तसेच बसून राहतात. मी त्या वेळी डबा भरत असते, कॉलेजला निघायचं असतं. चपला घालताना बघते, तर त्यांचा उजवा हात गुडघ्यावर, तळवा वर, बोटं जराशी उघडी. पुसलेली पाचवी कुणीतरी हातात द्यावी, म्हणून पुढे केलेला.